गोव्याला निघालाय? एक दिवस दिवाडीला द्या

मुंबईत कुणी गोव्याला निघालं की पहिला प्रश्न ठरलेला: राहणार कुठे, बागा की कळंगुट? सगळी सुट्टी त्या एका पट्ट्यात संपते. मुंबईकरानं तरी एक अख्खा दिवस मांडवी नदीतल्या दिवाडी बेटाला द्यायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

कोकणकन्या किंवा मांडवी एक्सप्रेसनं जाताना थिवी सुटल्यावर, करमळी यायच्या आत, गाडी या बेटावरूनच जाते. तेव्हा आपण बॅगा खाली काढत असतो. बेटावर जायला मात्र फेरीबोटच. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून सरळ धक्क्यावर जायचं. चालत येणाऱ्याला तिकीट नाही आणि काही मिनिटांत मांडवी ओलांडून होते.

पलीकडे खाजन शेती लागते, तिथे थांबाच. भरतीचं खारं पाणी अडवायला मातीचे बांध घातलेत आणि बांधात लाकडी दारांची ‘मानस’. बाहेर पाणी चढलं की त्याच्याच दाबानं दार मिटतं. ओहोटी लागली की आतलं पाणी दार ढकलून निघून जातं. वीज नाही, मोटर नाही. अशा जमिनीत खारेपणाला दाद न देणारं कोरगुट भात पिकतं.

आपण शाळेत शिवाजी महाराजांचा इतिहास शिकलो, पण गोव्यावर राज्य केलेल्या कदंब राजांच्या सप्तकोटेश्वराचं देऊळ पूर्वी दिवाडीवर होतं हे किती जणांना ठाऊक आहे? पोर्तुगीजांनी ते पाडलं, भक्तांनी लिंग नदीपार नार्व्याला नेलं आणि १६६८ मध्ये महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. दिवाडीवरून नार्व्यालाही फेरी आहे, जाऊन याच.

हे सगळं बघताना मला आपलं शहर आठवत राहतं. १६६१ च्या लग्नाच्या करारात पोर्तुगीजांनी इंग्रजांना दिलेली मुंबईही बेटांचीच होती. भराव घालत आपण खाड्या बुजवल्या. माझगाव, परळ, वरळी ही वेगवेगळी बेटं होती हे आज पोरांना सांगूनही पटत नाही. पाण्याची वाट अडवली की काय होतं ते २६ जुलै २००५ ला आपण भोगलंय. दिवाडीच्या लोकांनी पाण्यासाठी दार ठेवलं.

समुद्र हवाच असेल तर दक्षिण गोव्यातल्या काणकोणात गालजीबाग किंवा आगोंद गाठा. थंडीच्या दिवसांत तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. रात्री किनाऱ्यावर टॉर्च आणि स्पीकर कृपा करून नेऊ नका. पिल्लं उजेडाच्या दिशेनं चालतात, समुद्राऐवजी शॅककडे, म्हणजे किनाऱ्यावरच्या हॉटेलांकडे, वळली तर मरतात.

मुक्काम पणजीत करा, संध्याकाळी फोंतेनास या तिथल्या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीच्या गल्ल्या पायी फिरा. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीवर बोंदेरां हा झेंड्यांचा उत्सव असतो, तेव्हा खूप गर्दी होते. बेट निवांत बघायचं असेल तर दुसरा दिवस धरा आणि ऊन चढायच्या आत फेरी पकडा.