लवंगीशेजारची भोपळी मिरची तिखट होत नाही

गेल्या महिन्यात साताऱ्याहून आत्याचा फोन आला. तिनं गच्चीवरची लवंगीची दोन रोपं उपटून टाकली होती, तीही मिरच्यांनी लगडलेली. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "अगं, तो मेसेज नाही का आला? लवंगीशेजारी भोपळी मिरची असली की भोपळीही तिखट होते म्हणे. पोरं भाजी खातात, त्यांच्या तोंडाची आग झाली तर?"

तो मेसेज मलाही तीन वेगवेगळ्या गटांतून आला आहे. "घरी मिरची लावणाऱ्यांनी हे वाचाच" अशी सुरुवात आणि खाली सहा दावे. शेजारच्या रोपामुळे मिरची तिखट होते. तिखटपणा बियांत असतो. पानं आक्रसणारा बोकड्या रोग आला की आंबट ताक फवारा, तीन दिवसांत रोप बरं. मिरची ही आयुर्वेदानं हजारो वर्षांपूर्वी सांगितलेली आपली वनस्पती आहे. तिखट खाल्ल्यानं पोटात अल्सर होतो. घरची मिरची दोन दिवस उन्हात टाकली की वर्षभर टिकते. मी 11 वर्षं कुंड्यांमधून मिरची लावते आहे. यातला एकही दावा आहे तसा खरा नाही, आणि दोन-तीन तर नुकसान करणारे आहेत.

आत्याच्या रोपांचा जीव ज्यानं घेतला तो दावा आधी घेते. मिरचीच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात, त्यामुळे बहुतेक फुलं स्वतःच्याच परागानं फळतात. तरी मधमाश्या एका कुंडीवरून दुसऱ्या कुंडीवर जातात आणि लवंगीचा पराग भोपळीच्या फुलावर पडू शकतो. इथवर मेसेज बरोबर आहे. पण त्या फुलातून जी भोपळी मिरची धरते तिची साल, गर आणि आतला पांढरा गाभा हे सगळं आईच्या रोपाचं अंग असतं. बाहेरून आलेला पराग उतरतो तो फक्त बीमध्ये. हापूसच्या कलमाशेजारी रायवळ आंब्याचं झाड असलं म्हणून हापूसच्या फोडीची चव बदलत नाही. कोय रुजवली तर मात्र हापूसच येईल असं कोणी सांगू शकत नाही. कोकणातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. मिरचीचं तेच आहे.

मग लोकांना तिखट भोपळी लागते ती कुठून? माझ्याकडेच तीन वर्षांपूर्वी लागली होती. घरच्या भोपळीचं बी धरून ठेवलं, जूनमध्ये पेरलं आणि दिवाळीच्या सुमाराला लहान, टोकदार, चांगल्याच झणझणीत मिरच्या आल्या. तिखटपणा घडवणारं जनुक प्रभावी असतं आणि भोपळीत नेमकं तेच निकामी झालेलं असतं. संकर झाला की पहिल्याच पिढीत तिखटपणा वर येतो. म्हणजे शेजाराचा परिणाम होतो, पण पुढच्या पिढीत, आणि तोही घरचं बी धरलं तरच. रोपवाटिकेतून दरवर्षी नवी रोपं आणणाऱ्याला यात घाबरण्यासारखं काही नाही. ज्यांना बी धरायचं आहे त्यांनी फूल उमलण्याआधी त्या फांदीवर मलमलची लहान पिशवी बांधावी, फुलं उमलली की फांदी रोज हलकेच हलवावी आणि फळ धरलं की पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधावा. एवढं पुरतं. आत्याला मी लवंगीची नवी रोपं पाठवली आहेत आणि कुंडी भोपळीच्या शेजारीच ठेवायला सांगितली आहे.

एकाच रोपाची मिरची कधी सौम्य, कधी जाळ लागते, त्याचं कारणही शेजारी शोधू नका. साधारणपणे उन्हाच्या आणि पाण्याच्या ताणात मिरची जास्त तिखट होते. ज्वाला जातीची मे महिन्यातली मिरची आणि भर पावसातली मिरची यांच्यातला फरक कोणाच्याही जिभेला कळतो.

आता बिया. यासाठी कोणावर विश्वास ठेवण्याची गरज नाही, हातात सुरी घ्या. हिरवी मिरची उभी चिरा. बिया ज्याला चिकटलेल्या असतात तो पांढरट गाभा आणि त्याच्या आतून जाणाऱ्या शिरा दिसतील. तिखटपणा देणारं कॅप्सेसिन तयार होतं ते तिथे. टोकाकडची, गाभ्याला न टेकलेली एक बी काढा, धुवा आणि चावून बघा. मग गाभ्याचा नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवा. बीला जो तिखटपणा असतो तो गाभ्याचा लागलेला असतो, तिचा स्वतःचा नसतो. भूत झोलकियासारख्या जहाल जातींत सालीच्या आतल्या बाजूलाही हे द्रव्य बनतं, म्हणून ती मिरची कशीही साफ केली तरी निवत नाही. 2007 साली तिची जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून नोंद झाली तेव्हा मोजमाप 10 लाख स्कोव्हिलच्या (तिखटपणा मोजण्याचं एकक) वर गेलं होतं.

स्वयंपाकात याचा उपयोग रोजचा आहे. भरल्या मिरच्या करताना बायका बिया झटकून टाकतात आणि शिरा तशाच ठेवतात, मग घरातलं कोणीतरी पहिल्या घासाला ठसकतं. चमच्याच्या मागच्या टोकानं शिरा खरवडून काढा, बिया राहिल्या तरी चालतील. आणि हाताची आग झाली की लगेच नळाखाली धरू नका. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. आधी गोडं तेल चोळा, मग साबणानं धुवा. तोंडाची आग दुधा-दह्यानं शमते, कारण दुधातलं केसिन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून घेऊन जातं. बर्फाच्या पाण्यानं तेवढ्यापुरतं बरं वाटतं, घोट गिळला की आग परत येते.

मिरचीनं हे तिखट बियांच्या भोवतीच का रचलं असेल, याचं उत्तर पोपटाकडे आहे. आपण पिढ्यान्‌पिढ्या पोपटाला मिरची खाऊ घालत आलो आणि तो डोळ्यांत पाणी न आणता खात आला. आपल्या जिभेवर साधारण 43 अंशांच्या वरची उष्णता ओळखणारा एक ग्राहक (रिसेप्टर) असतो आणि कॅप्सेसिन नेमका तोच उघडतं. म्हणजे काही भाजलेलं नसताना भाजल्याची जाणीव होते. हा ग्राहक 1997 साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं शोधला आणि 2021 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पक्ष्यांच्या ग्राहकावर कॅप्सेसिनचा परिणाम होत नाही. बुलबुलासारखे पक्षी बी न चावता गिळतात आणि दूरवर टाकतात. उंदीर-घुशींसारखे प्राणी बी चावून संपवतात, त्यांना मिरची दूर ठेवते. आमच्या गच्चीवरच्या पिकल्या मिरच्या बुलबुल नेतात. मी त्यांना हाकलत नाही.

आंबट ताकाच्या दाव्यावर जरा थांबायला हवं, कारण मिरची लावणाऱ्याला सर्वांत जास्त रडवतो तो बोकड्याच. कोणी त्याला चुरडा-मुरडा म्हणतं. पानं आक्रसतात, रोप खुजं राहतं, फुलं गळतात. मेसेज याला एकच रोग समजतो. एकसारख्या दिसणाऱ्या या खुणांमागे तीन वेगळी कारणं असतात आणि ती ओळखता आली नाहीत तर कुठलीही फवारणी वायाच जाते.

पान वरच्या बाजूला, होडीसारखं वळलं असेल तर बहुधा फुलकिडे. शेंडा पांढऱ्या कागदावर झटका, बारीक पिवळसर, लांबट किडे चालताना दिसतील. पान खाली वळून उलट्या होडीसारखं झालं आणि देठ लांबट दिसू लागले तर कोळी, म्हणजे माइट नावाचे बारीक जीव. हे डोळ्यांना सहसा दिसत नाहीत, भिंग लागतं. आणि पानं लहान, जाड, शिरा पिवळट, नवीन फूट गुच्छासारखी, रोपाची वाढच थांबलेली असं असेल तर तो विषाणू आहे. तो पांढरी माशी एका रोपावरून दुसऱ्यावर नेते. पानाची खालची बाजू उलटून बघितली की माश्या भुर्रकन उडतात.

फुलकिड्यांवर आणि पांढऱ्या माशीवर सुरुवातीलाच निंबोळी अर्क किंवा कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात कालवून, संध्याकाळी, पानांच्या खालून फवारलं तर उपयोग होतो. आठवड्यानं परत फवारावं लागतं. फुलकिड्यांसाठी निळे आणि माशीसाठी पिवळे चिकट सापळे कुंड्यांत खोचावेत. कोळ्यांवर पाण्यात मिसळणारं गंधक चालतं, पण कडक उन्हात मारलं तर पानं भाजतात. विषाणू लागलेल्या रोपावर मात्र औषध नाही. ताकही नाही, दूधही नाही, दुकानातली महागडी बाटलीही नाही. ते रोप पिशवीत घालून मुळासकट काढायचं, म्हणजे माश्या शेजारच्या कुंडीवर उडत नाहीत. मेसेज वाचून ताक फवारत बसलेला माणूस ते रोप तीन आठवडे तसंच ठेवतो आणि तेवढ्यात सगळी गच्ची आजारी पडते. मला राग येतो तो याचा. दुधाच्या पातळ फवाऱ्यानं काकडी-भोपळ्याच्या वेलांवरची भुरी आटोक्यात येते, हे खरं आहे, आणि ताकाची गोष्ट कदाचित तिथूनच सरकत इकडे आली असेल. पण भुरी ही बुरशी आहे. बोकड्याशी तिचा संबंध नाही.

फुलं गळली म्हणजे बोकड्याच, असंही नाही. दुपारचं तापमान 35 अंशांच्या वर गेलं की निरोगी रोपही फुलं टाकतं. शेणखत किंवा युरिया जास्त झाला तर हिरवंगार झुडूप वाढतं आणि मिरची धरत नाही. कुंडी सकाळच्या उन्हात सरकवा, दुपारी जाळीची सावली द्या, खत महिनाभर थांबवा.

आयुर्वेदाच्या दाव्याला उत्तर आपल्याच भाषेत आहे. "मिरची" हा शब्द "मरिच" म्हणजे मिरी यावरून आला. तिखट लागणारं नवं फळ दिसलं आणि आपण त्याला ओळखीच्या मिरीचं नाव दिलं. कोलंबसाच्या लोकांनीही तेच केलं, ते मिरी शोधायला निघाले होते. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांमध्ये तिखटासाठी मिरी, पिंपळी, सुंठ आहे, मिरची नाही. मिरची मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेकडची. ती पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली. आज काणकोणची खोला मिरची आणि आपल्या विदर्भातली भिवापुरी मिरची भौगोलिक मानांकन मिरवतात. पाहुणी येऊन घरची झाली यात कमीपणा कसला? उपासाची साबुदाण्याची खिचडी बघा. साबुदाणा ज्या कंदाचा तो, बटाटा, शेंगदाणा आणि हिरवी मिरची, चारही अमेरिकेतून आलेले. हळद इथली, ती मात्र उपासाला चालत नाही.

अल्सरबद्दल थोडक्यात. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवलं की पोटातल्या बहुतेक अल्सरांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू असतो. 2005 चं नोबेल त्यासाठीच होतं. दुसरं मोठं कारण म्हणजे सतत घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. ज्याला आधीच अल्सर किंवा आम्लपित्त आहे त्याला तिखटानं जळजळ वाढते, त्यानं ते कमी करावं. पण नुसता ठेचा बंद करून पोट बरं होण्याची वाट बघणारा माणूस तपासणी लांबवतो, आणि तपासणीत जिवाणू सापडला तर औषधांनी तो जातो.

राहिलं वाळवण. दोन दिवसांत मिरचीची साल सुकते, आतला गाभा ओला राहतो. अशी मिरची कांडून बरणीत भरली की त्या ओलाव्यात बुरशी वाढते आणि तिच्यातली एक जात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. ते यकृताला घातक असतं, आणि भाजल्या-शिजवल्यानं जात नाही. हिंगाचा खडा कीड लागू नये म्हणून घालतात, त्यानं ही बुरशी थांबत नाही. "घरची आहे, रसायन नाही, काही होत नाही" हे ऐकलं की मला भीती वाटते, कारण तिखट रोज, प्रत्येक भाजीत, लहान मुलांच्या वरणातही पडतं.

पूर्ण लाल झालेली मिरचीच तोडा. एक-दोन दिवस सावलीत ढीग करून ठेवा, म्हणजे रंग सारखा येतो. मग स्वच्छ कापडावर एकेरी पसरा, रोज हलवा आणि रात्री दव पडायच्या आत घरात घ्या. ऊन कडक असेल तर आठवडा, नाहीतर पंधरा दिवस. कांडपाला देण्याआधी देठं खुडताना प्रत्येक मिरची मोडून बघा. पांढुरकी पडलेली, आतून काळपट किंवा कुबट वासाची निघाली तर ती एकच नाही, तिच्या आसपासच्याही तपासा. बाकीच्यांतली एक कानाशी धरून हलवा. आत बिया खुळखुळल्या आणि वाकवल्यावर ती कट्‌कन मोडली, तर बरणीची वेळ झाली.