सकाळी या, संध्याकाळी जा!

स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या मधल्या चिमुकल्या लिक्टेनस्टाइनबद्दलचा तो फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. स्वतःचं सैन्य नाही, विमानतळ नाही, चलन नाही, भाषासुद्धा शेजाऱ्यांचीच, तरी जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशांपैकी एक! तुरुंगात बोटांवर मोजण्याइतके कैदी, लोक म्हणे दाराला कुलूपही लावत नाहीत. खाली हात जोडलेला इमोजी आणि 'आपण कधी शिकणार?'

आमच्या फॅमिली ग्रुपवर एका काकांनी तो टाकला, त्याला मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आता देते, कारण मध्यंतरी जाऊन आले. एका दिवसात. पाठीवर सॅक, पिशवीत सांगलीहून नेलेल्या भडंगाचं शेवटचं पाकीट, आणि मुक्काम सीमेपलीकडे ऑस्ट्रियातल्या फेल्डकिर्खमध्ये, कारण लिक्टेनस्टाइनमध्ये रात्र काढणं माझ्या बजेटच्या बाहेर. तिथे चालणारा स्विस फ्रँक शंभर रुपयांच्या पुढे गेल्यावर साधी कॉफी घेतानाही माणूस मनातल्या मनात पाढे म्हणतो.

फॉरवर्डमधलं बरंचसं खरं आहे. फक्त वाक्यं अर्धवट आहेत. प्रत्येक 'स्वतःचं नाही' पुढे 'मग कोणाचं?' एवढं विचारायचं राहिलंय.

फेल्डकिर्खहून राजधानी वाडुझकडे अकरा नंबरची बस जाते. 'सकाळची बस घ्या, गर्दी नसते' असं कुठल्याशा ट्रॅव्हल व्हिडिओत ऐकलं होतं. तो व्हिडिओ बहुतेक रविवारी काढला असावा. कामाच्या दिवशी या बसमध्ये डबेवाले, लॅपटॉपवाले, जाड तळव्यांचे सेफ्टी शूज घातलेले, सगळे दाटीवाटीने उभे. कोणी कोणाशी बोलत नाही, पण चढताना एकमेकांना मान हलवतात. रोजची ओळख. आपल्याकडे मिरज-कोल्हापूर पॅसेंजरला अपडाउन करणाऱ्यांचे चेहरे असतात ना, तसेच हुबेहूब. बाहेर गाड्यांची रांग, बहुतेक गाडीत एकटा माणूस. सीमेवरच्या शानवाल्डच्या नाक्यावर ही रांग मुंगीच्या गतीने सरकते. नाक्यावर वर्दी कोणाची? स्वित्झर्लंडची. 1923 मध्ये दोन्ही देशांत जकात करार झाला, तेव्हापासून लिक्टेनस्टाइनची ही सीमा स्विस लोक सांभाळतात. चलनही त्याच सुमारापासून स्विस फ्रँकच.

देश केवढा? 160 चौरस किलोमीटर. लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास. आणि नोकऱ्या? त्याही जवळपास तेवढ्याच! म्हणजे तान्ही बाळं, शाळकरी मुलं, आजी-आजोबा सगळ्यांना धरून जेवढी माणसं, तेवढी कामं. मग ती करतं कोण? कामावर असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक रोज सकाळी ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि जर्मनीतून येतात आणि संध्याकाळी परत जातात. एक दिवसाची सहल करणारी मी एकटी नव्हते. तो अख्खा देशच दिवसाच्या सहलीवर चालतो.

बसमध्ये माझ्या शेजारी उभा असलेला माणूस शान नावाच्या गावातल्या एका कारखान्यात होता. पन्नाशीचा, ऑस्ट्रियन, इंग्रजी माझ्याइतकंच अडखळत. मी विचारलं, रोज एवढी रांग सोसण्यापेक्षा इकडेच का राहत नाही? तो हसला. म्हणाला, त्यासाठी लॉटरी लागावी लागते. मला वाटलं, घरांच्या किमतीबद्दल बोलतोय. तसं नव्हतं. लॉटरी म्हणजे खरोखरची सोडत! युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या (म्हणजे युरोपीय संघ आणि नॉर्वे-आइसलँडसारखे देश) नागरिकांना तिथे राहण्याचे परवाने दरवर्षी मोजून दिले जातात, नोकरी करणाऱ्यांसाठी 56 आणि नोकरी न करणाऱ्यांसाठी 16, आणि त्यातले निम्मे चक्क चिठ्ठ्या काढून. बाकीच्या युरोपात या लोकांना कुठेही बिऱ्हाड हलवता येतं, इथे मात्र 'काम करा, जेवा, आणि दिवे लागायच्या आत घरी जा'. नागरिकत्वाची तर गोष्टच सोडा. नेहमीच्या वाटेने गेलं तर तीस वर्षं राहावं लागतं. दहा वर्षांतही मिळू शकतं, पण मग त्या गावचे नागरिक तुमच्यावर मतदान करणार. हाउसिंग सोसायटीच्या मीटिंगमध्ये भाडेकरूला ठेवायचं की नाही यावर हात वर करतात, त्यातला प्रकार.

आता कोणी म्हणेल, त्यांचा देश, त्यांची मर्जी. अगदी बरोबर. चाळीस हजारांच्या देशाने दार सताड उघडलं तर दहा वर्षांत त्यांचाच देश त्यांना ओळखू येणार नाही, हे मलाही कळतं. येणाऱ्यांचंही नुकसान नाही; पगार इकडचा, घरभाडं तिकडचं, गणित जमतं म्हणूनच तो माणूस इतकी वर्षं ती रांग सोसतोय. माझा आक्षेप त्यांच्यावर नाहीच. आक्षेप काकांच्या फॉरवर्डवर आहे. ज्या माणसाला लहानाचं मोठं केलं ऑस्ट्रियाने, शाळा-कॉलेज ऑस्ट्रियाचं, म्हातारपणही ऑस्ट्रियातच जाणार, त्याची भर उमेदीची वर्षं वापरून जो आकडा येतो, तो चाळीस हजारांनी भागायचा आणि म्हणायचं 'दरडोई उत्पन्न बघा!' भागाकारात भाजक चुकला की उत्तर डोळे दिपवतं. एवढंच.

पण 'सगळा बँकांचा पैसा' हे उलट टोकाचं बोलणंही तितकंच आळशी. शानमध्ये बसमधून लाल अक्षरांतलं हिल्टी दिसलं आणि मी जवळजवळ ओरडलेच. आपल्याकडे कुठल्याही बांधकामाच्या साइटवर जा, भिंत फोडायच्या यंत्राला मिस्त्री सरळ 'हिल्टी' म्हणतो, मग ते कुठल्या का कंपनीचं असेना. ती हिल्टी या गावची! 1941 मध्ये दोघा भावांनी इथे सुरू केलेली. दातांच्या डॉक्टरांना लागणारं साहित्य जगभर पुरवणारी इव्होक्लारही शानचीच. डोंगर आणि नदीच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत गवताची कुरणं, गायी, आणि मध्येच एकदम कारखाना. इथे कारखानदारी खरोखर मोठी आहे, नुसत्या पाट्यांच्या कंपन्या नाहीत.

पाट्यांच्याही आहेत, अर्थात. 1926 च्या कायद्याने इथे अशा संस्था आणि 'फाउंडेशन' काढता यायला लागले की मालक कोण ते बाहेरच्याला कळूच नये. 2008 मध्ये तिथल्या राजघराण्याच्याच एलजीटी बँकेतल्या खातेदारांची चोरलेली यादी जर्मनीच्या हाती लागली आणि बोंबाबोंब झाली. आठवतंय? त्याच यादीतली भारतीय नावं जर्मनीने 2009 मध्ये आपल्या सरकारला दिली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2014 मध्ये सरकारला नावं न्यायालयापुढे ठेवावी लागली. 'काळा पैसा' म्हणून आपण चहाच्या टपरीवर जे भांडत होतो, त्यातला काही या कुरणांच्या मागे होता. नंतर त्यांनी माहिती देण्याचे करार केले, भारताशीही 2013 मध्ये केला. काकांच्या फॉरवर्डमध्ये हे नाही. काकाच तेव्हा टपरीवर सगळ्यात मोठ्याने भांडत होते, हे वेगळं सांगायला नको.

वाडुझ म्हणाल तर राजधानी आहे हे सांगावं लागतं. मुख्य रस्ता पायी चालायचा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला भडंगाचं पाकीटही पुरून उरतं. पर्यटन केंद्रात काही फ्रँक देऊन पासपोर्टवर आठवणीचा शिक्का मारून मिळतो. त्यासाठी चांगली रांग होती, सगळे हसत-खिदळत, सेल्फी काढत. मी काही मारून घेतला नाही. ज्यांचा पासपोर्ट कुठेही चालतो त्यांच्यासाठी शिक्का म्हणजे गंमत. मी नव्वद युरो व्हिसाची फी, बँकेचं स्टेटमेंट, ऑफिसचं पत्र, हॉस्टेलचं बुकिंग, परतीचं तिकीट, एवढी फाईल देऊन शिक्का मिळवलाय. अजून एक विकत घ्यायला जीव होईना. शिवाय आपल्या पासपोर्टवर खेळण्यातला शिक्का बघून पुढच्या विमानतळावरच्या साहेबाचा मूड कसा असेल, कोणी सांगावं!

किल्ला वर डोंगरावर आहे. चढण वीसेक मिनिटांची, सिंहगड चढलेल्याला खिजगणतीत नाही. आत जाता येत नाही, कारण राजाचं कुटुंब तिथे खरोखर राहतं. बाहेरच्या भिंतीपाशी बसून भडंग खाल्लं, खाली ऱ्हाइन नदी आणि पलीकडे स्वित्झर्लंड. या घराण्याचा इतिहास वाचला की हसावं का रडावं कळत नाही. लिक्टेनस्टाइन हे मुळात घराण्याचं नाव, व्हिएन्नातले बडे जमीनदार. तेव्हाच्या पवित्र रोमन साम्राज्याच्या सभेत खुर्ची हवी तर थेट सम्राटाच्या अखत्यारीतली जमीन लागायची, म्हणून त्यांनी 1699 आणि 1712 मध्ये डोंगरातले हे दोन कंगाल तुकडे विकत घेतले. 1719 मध्ये संस्थान झालं, देशाला घराण्याचं नाव लागलं. आणि मालक आपला देश बघायला पहिल्यांदा कधी आला? 1842 मध्ये! कायमचे राहायला आले ते 1938 मध्ये. म्हणजे सव्वाशे वर्षं तर राजेसाहेबांनी दिवसाची सहलसुद्धा केली नव्हती.

आणि हा राजा शोभेचा नाही. 2003 मध्ये लोकांनीच सार्वमत घेऊन त्याचे अधिकार वाढवून दिले, 2012 मध्ये त्याचा नकाराधिकार कमी करायचा प्रस्ताव भरघोस मतांनी फेटाळला. लोकांना मान्य आहे तर आपण कोण बोलणार? पण ज्या देशात बायकांना संसदेसाठी मतदानाचा हक्क 1984 मध्ये मिळाला, तोही पुरुषांच्या मतदानात जेमतेम पास होऊन, त्या देशाकडून 'आपण कधी शिकणार' असं मला कोणी विचारू नये. माझ्या आजीने 1952 साली मत टाकलंय, नऊवारी नेसून.

तुरुंगाचं राहिलं. कैदी कमी आहेत हे खरं, तुरुंगच इवलासा आहे. लांब मुदतीची शिक्षा झाली तर कैदी कराराने ऑस्ट्रियात पाठवतात. सैन्य नाही कारण 1868 मध्ये खर्च परवडेना म्हणून मोडलं. शेवटच्या मोहिमेवर ऐंशी जण गेले आणि एक्याऐंशी परत आले, वाटेत एक मित्र मिळाला म्हणून, अशी गोष्ट ते स्वतःच मिटक्या मारत सांगतात. मला सगळ्यात थक्क केलं ते बाळंतपणाने. 2014 पासून देशातल्या रुग्णालयात प्रसूती विभागच नाही. बाया बाळंतपणाला स्वित्झर्लंडमधल्या ग्राब्सला जातात, नाहीतर माझ्या मुक्कामाच्या फेल्डकिर्खला. देशाचे नागरिक जन्मतात परदेशात, आणि देशातलं काम करायला परदेशी येतात!

दुपारी नदीकाठाने जुन्या लाकडी पुलापर्यंत चालत गेले. छप्पर असलेला, 1901 चा, सुमारे 135 मीटर लांब. फळ्यांवर पाऊल पडलं की पोकळ आवाज येतो, फटींतून खाली पाणी पळताना दिसतं, आत जुन्या लाकडाचा वास. मध्यावर सीमा, एक पाय इकडे, एक तिकडे. ना पोलीस, ना तिकीट. दिवसभरात मी जे काही पाहिलं त्यात मला हाच पूल आवडला. 1927 मध्ये याच नदीने बांध फोडून या खोऱ्यात हाहाकार केला होता. दुसऱ्या महायुद्धापर्यंत हा शेतकऱ्यांचा गरीब मुलूख. आल्प्सच्या या भागातली गरिबांची पोरं, इथलीही, वसंतात डोंगर ओलांडून जर्मनीत श्वाबियातल्या शेतांवर राबायला जायची आणि थंडीच्या सुरुवातीला परतायची. राजघराण्याचीही महायुद्धानंतर ओढाताण झाली. चेकोस्लोव्हाकियातल्या जमिनी गेल्या, 1967 मध्ये लिओनार्दो दा विंचीचं एक चित्र वॉशिंग्टनच्या संग्रहालयाला विकलं. म्हणजे तीन-चार पिढ्यांपूर्वी ही माणसं दुसऱ्याच्या दारी मजुरीला जात होती. फॉरवर्डमध्ये घालण्यासारखं खरं तर हे होतं. पण त्यात हात जोडायचा इमोजी नीट बसत नाही.

कोणी जाणार असेल तर थोडं कामाचं सांगते. फेल्डकिर्खला राहा, नाहीतर झुरिकहून सारगान्सपर्यंत रेल्वे आणि पुढे तीच अकरा नंबरची बस. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. जेवण सुपरमार्केटमधलं घ्या, पाण्याची बाटली नळावर भरा. किल्ल्याच्या दाराशी फोटो काढून दोन तासांत परत फिरू नका. कामावरून सुटणाऱ्यांच्या वेळेपर्यंत थांबा. मी परतीच्या बसला उभी होते तेव्हा समोरच्या फाट्यावर ऑस्ट्रियन नंबरप्लेटच्या गाड्यांची रांग लागलेली आणि माझ्या हातात मावेल तेवढा पाव, चीज आणि रिकामं भडंगाचं पाकीट. बसायला जागा मिळाली नाही.

आणि काका, तुम्ही हे वाचताय हे मला माहीत आहे. कुलूप लावत नाहीत वगैरे मी तपासून बघितलं नाही. तेवढं धाडस झालं नाही.