उतारावर इंजिन बंद करणाऱ्यांसाठी काही सूचना

ज्यांना पेट्रोलचा थेंबन्‌थेंब वाचवायचा आहे आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा फारसा लोभ नाही, अशा काटकसरी चालकांनी उतार लागताच दांडा न्यूट्रलवर आणावा आणि निश्चिंत मनाने इंजिन बंद करावे. गिअरबॉक्सला वंगण पुरवणारा ऑइल पंप इंजिनाच्याच जोरावर फिरत असल्यामुळे तोही थांबेल; चाके मात्र आतले शाफ्ट आणि गिअर फिरवत राहतील आणि बुश व क्लच प्लेटा तेलावाचून एकमेकांवर घासून तापू लागतील. सुदैवाने हे सारे निमूटपणे होते, त्यामुळे निसर्गशोभा पाहण्यात व्यत्यय येत नाही. गाडी ओढून नेताना इंजिनाला जोडलेली चाके जमिनीवर टेकवू नयेत, अशी ताकीद अनेक माहितीपुस्तिकांत याच कारणासाठी दिलेली असते. पण ती पुस्तिका कप्प्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीतून आजवर बाहेर आलेली नाही, तर आताच कशाला काढायची?

ब्रेकची गंमत खास अनुभवण्यासारखी आहे. पेडल हलके करणाऱ्या बूस्टरमध्ये इंजिनाने तयार केलेला थोडा व्हॅक्यूम (निर्वात) शिल्लक असल्याने पहिल्या दाबाला पेडल नेहमीसारखे मऊ लागेल, दुसऱ्या दाबाला ते जरा वरच अडेल आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी आपण विटेवर पाय ठेवला आहे, अशी खात्री पटेल. तेवढ्यात वळण आले, तर जड झालेल्या स्टिअरिंगमुळे दंडांनाही व्यायाम घडेल. इग्निशन पूर्ण बंद केले असेल, तर बहुतेक गाड्यांत एअरबॅगही आपल्याबरोबर विश्रांती घेतात.

घाबरून इंजिन पुन्हा सुरू करायचे झाल्यास धक्का स्टार्टची जुनी विद्या इथे कामाची नाही. स्टार्टर फक्त पी (पार्किंग) किंवा एन (न्यूट्रल) या स्थितीत चालतो आणि गडबडीत हात पी वर गेला, तर पार्किंगचा खटका दातांवरून कडकडत जाताना ऐकू येतो.

काही हायब्रिड गाड्या चालता चालता इंजिन स्वतःच बंद करतात, कारण त्यांची रचनाच तशी असते. पण त्यात चालकाचे कर्तृत्व ते काय?

एक गोष्ट मात्र मनाला लावून घेऊ नये. फ्युएल इंजेक्शनची बहुतेक वाहने डी (ड्राइव्ह) मध्ये असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंजिनाच्या ठरावीक फेऱ्यांच्या वर इंधन आपणहून तोडतात. इंजिन चाकांच्या जोरावर फिरते, पंप चालतो, ब्रेक मऊ राहतात आणि वेगही आवरला जातो. सौम्य उतारावर हे आवरणे नकोसे वाटते, हे कबूल. पण न्यूट्रलवर नुसते चालू असलेले छोट्या गाडीचे इंजिनही तासाला लिटरभर किंवा त्याहून कमीच पिते. म्हणजे सहा मिनिटांच्या उतारावर आपली कमाई फार तर 100 मिलिलिटर.

पुढे कधी मेकॅनिकने गिअरबॉक्समधले काळे पडलेले तेल बोटावर घेऊन हुंगले आणि त्या करपट वासाबद्दल विचारले, तर त्याला हा अर्धा कप अभिमानाने सांगावा.