आज धोबी आला होता

गणपती गेले की मला दरवर्षी काहीतरी नवीन सुरू करायची हुक्की येते. मागच्या वर्षी सूर्यनमस्कार होते, त्यांचं दीड दिवसात विसर्जन झालं. यंदा लेकीने एक जाडजूड वही आणून दिली, पिवळसर कोरी पानं, सोबत पेन्सिल, आणि म्हणाली बाबा तू रोज बाहेर जाऊन निसर्ग बघ आणि यात लिही, तुझं बीपी खाली येईल. वहीवरचं किमतीचं स्टिकर बघून बीपी तिथल्या तिथे वर गेलं आणि आता माघार नाही हेही कळलं.

वहीबरोबर एका मॅडमचा व्हिडिओ पण होता. रोज अर्धा तास शांत बसायचं, तारीख वेळ हवामान लिहायचं, दिसेल ते टिपायचं, चित्र काढायचं, येत नसलं तरी काढायचं. आणि शरद ऋतूतले पानांचे बदलते रंग तर अजिबात सोडायचे नाहीत. मॅडमच्या मागे सगळी झाडं लालभडक. मी आपला सोसायटीतल्या पिंपळाखाली खुर्ची टाकून बसलो. चाळीस मिनिटं! एक पान पडेल तर शपथ. शेवटी वॉचमनलाच माझी दया आली. "काका, आत्ता कुठं, आत्ता तर झाड पाणी पिऊन टम्म आहे. पानं फेब्रुवारी-मार्चात पडतात, तेव्हा या, झाडू पण देतो." पहिल्या दिवसाची नोंद: 'पिंपळ. हिरवा. कालही हिरवाच होता असं वॉचमन म्हणतो.'

मग ठरवलं की वेताळ टेकडी. पुणे शहरातला सगळ्यात उंच पॉइंट, समुद्रसपाटीपासून ८०० मीटरच्या आसपास, आम्ही पुणेकर पाहुण्यांना अभिमानाने सांगतो आणि स्वतः वर्षातून दोनदा जातो. तिथे एक गोष्ट पहिल्याच पहाटे शिकलो. पावसाळा संपता संपता कोळी मस्त पोसलेले असतात आणि पायवाटेच्या या झुडपापासून त्या झुडपापर्यंत जाळी बांधतात, बरोबर माझ्या नाकाच्या उंचीवर, त्यामुळे पहाटे जो पहिला चढतो तो मागच्या सगळ्यांची वाट तोंडाने झाडत जातो. रोज येणारे आजोबा मी दिसलो की "या या, तुम्ही व्हा पुढे" म्हणायचे ते मला चार दिवस सभ्यपणा वाटत होता. पुण्यात! शंका यायला हवी होती.

त्यातल्या एका कोळ्याचं मी चित्र काढलं. सिग्नेचर स्पायडर, म्हणजे जाळ्यावर पांढऱ्या नागमोडी रेघांची सही ठोकणारा. मधोमध मोठी मादी बसते, आणि नर एवढासा, कुठेतरी कडेला अंग चोरून. बायकोने चित्र निरखून बघितलं. "हा कोपऱ्यात ठिपका कसला?" म्हटलं, नर आहे तो. "मग बरोबर जमलंय," म्हणाली आणि भाजी फोडणीला टाकायला गेली.

पुढच्या आठवड्यात तर मी शोधच लावला. खाणीच्या बाजूला झुडपात एक पक्षी, पाठमोरा, कोंबडीच्या दुप्पट, तपकिरी, शेपूट जवळजवळ नाहीच. नक्की दुर्मिळ! शेजारी एक मुलगा पितळी हंड्याएवढी लेन्स घेऊन उभा होता, त्याला खुणेने दाखवलं. त्याने कॅमेरा वर पण केला नाही. "काका, मोर आहे. पाऊस संपला की पिसारा झडतो त्यांचा, परत नवा येतो." मला वाईट वाटायच्या ऐवजी आनंदच झाला, कारण पानं नाही तर नाही, शरदात गळणारं काहीतरी एकदाचं सापडलं. मॅडमना कळवायला हवं.

पण खरा छळ कुसळांनी केला. वरच्या माळावरचं गवत ऑक्टोबरात सोनेरी व्हायला लागतं, वाऱ्याने लाटा उठतात, फार सुंदर दिसतं, लांबून. त्याच्या दाण्याच्या एका टोकाला सुई असते आणि दुसऱ्या टोकाला लांब पिळदार शेपूट. दवाने भिजलं की पीळ सुटतो, ऊन लागलं की परत बसतो, आणि या सुटण्या-बसण्यात दाणा स्क्रूसारखा गरगरत जमिनीत शिरतो. स्वतःची पेरणी स्वतः, ना बैल ना ट्रॅक्टर. इंजिनिअर माणसाने हात जोडावेत अशी रचना आहे, फक्त तिला काळी माती आणि पांढरा सुती मोजा यातला फरक समजत नाही. मी पहाटे दवात भिजत चढायचो आणि उन्हात वाळत उतरायचो, म्हणजे यंत्राला लागतं ते सगळं मी पायातच पुरवत होतो. एकदा घाईत मोजे न बदलता ऑफिसला गेलो, तर क्वार्टरच्या रिव्ह्यूमध्ये साहेब ग्रोथबद्दल बोलत असताना घोट्यापाशी एका दाण्याची खरीखुरी ग्रोथ सुरू होती. मी जोरात "आई गं" म्हणालो, साहेबांना वाटलं आकड्यांवर प्रतिक्रिया दिली.

ते मोजे मग बायकोच्या सिल्कच्या ओढणीबरोबर मशीनमध्ये गेले. इथे तपशील देत नाही. लोकांना दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, आमच्याकडे ओढणीतली मोजून त्रेसष्ट दिसली, आणि ती मीच चिमट्याने काढली, दोन संध्याकाळी. मुसळ परवडलं, एकच असतं.

त्यात ऑक्टोबर हीट. शंभर वर्षं जगू दे म्हणायच्या ऐवजी आपल्या ऋषींनी 'जीवेम शरदः शतम्' म्हटलंय, शंभर शरद मागितलेत. मागू देत, त्यांना दुपारी अडीचला कोथरूडला जायला रिक्षा शोधायची नव्हती. रात्री सोसायटीच्या गेटवरची सप्तपर्णी फुलते, तिच्याबद्दल मी 'मंद मादक दरवळ' असं लिहिलं आणि अर्ध्या तासाने ते खोडून 'डोकं उठलं' असं लिहिलं. दुपारी घाम, पहाटे दव, आणि आठवड्यात माझं नाक गच्च. आमचे डॉक्टर संस्कृतवाले आहेत, म्हणाले, "वैद्यानां शारदी माता, शरद म्हणजे आम्हा वैद्यांची आई हो, तीच सांभाळते," आणि पाचशे रुपये घेतले.

दसऱ्यापर्यंत मी जरा जास्तच जाणकार झालो होतो. चौकात सोन्याची पानं घेताना विक्रेत्याला म्हटलं, हा आपटा नाहीये, हा कांचन आहे, दोघांचं पान मधून दुभंगलेलं असतं पण आपट्याचं लहान आणि जाडसर असतं. मागे रांग लागलेली. तो शांतपणे म्हणाला, "काका, वीस रुपयांत सोनं पाहिजे आणि ते पण चोवीस कॅरेट?" मी कांचनाच्या दोन जुड्या घेऊन आलो.

तसा एक दिवस मात्र खरोखर सोन्याचा गेला, दसऱ्याच्या आठवडाभर आधीचा. गच्चीवरची टाकी ओव्हरफ्लो झाली म्हणून बघायला गेलो तर साचलेल्या पाण्यात करडा धोबी! वरून राखाडी, पोट पिवळं, शेपूट एक मिनिट स्थिर नाही. हिमालयाकडून थंडी काढायला आपल्याकडे येतो हा. मी श्वास रोखून उभा राहिलो, पेन्सिल काढेपर्यंत तो भुर्र. तरी नोंद केली: '५ ऑक्टोबर, सकाळी ७.४०. आज धोबी आला होता. एकटाच. अंगाने बारीक. सारखा मागचा भाग हलवत होता. मला बघून पळाला.'

वही टेबलावर उघडी राहिली. बायकोने वाचलं आणि चष्मा काढला. "अहो, त्या बिचाऱ्या इस्त्रीवाल्याबद्दल असं लिहितात का?"

गैरसमज मिटवला. मग दिवाळीच्या साफसफाईत कॅलेंडरची पानं चाळताना दुधाच्या हिशेबाशेजारी, २३ सप्टेंबरच्या चौकोनात, तिच्या अक्षरात दिसलं: 'धोबी आला'. माझ्या अंगावर काटाच आला. माझ्या बारा दिवस आधी! इतकी वर्षं एका घरात राहून ही बाई गुपचूप नोंदी ठेवते आणि मला पत्ता नाही. अगदी हळवा होऊन विचारलं, अगं, तू पण लिहितेस? सांगितलं नाहीस कधी?

"लिहायलाच लागतं. सात शर्ट आणि दोन साड्या नेल्यात त्याने, एक शर्ट अजून परत आलेला नाही."

मी गपचूप स्टुलावर चढून पंखा पुसायला लागलो.

"आणि तुमचा तो पिवळ्या पोटाचा म्हणत असाल," खालून फडकं देत ती म्हणाली, "तर तो गौरी गेल्या त्याच आठवड्यात आला. रोज मी कपडे वाळत घालते तेव्हा टाकीपाशीच असतो. मला बघून नाही पळत."