कार्बोनिल आयर्नच्या गोळीत विषारी वायू नाही

माझ्या भाचीला पाचवा महिना आहे. गेल्या रविवारी डिचोलीला तिच्याकडे गेले, तर कार्बोनिल आयर्नच्या, म्हणजे लोहाच्या बारीक पुडीच्या, गोळ्यांची स्ट्रिप फ्रिजवर तशीच पडलेली. दोन आठवडे एकही गोळी घेतलेली नाही. हिमोग्लोबिन ९.२. विचारलं तर म्हणाली, "मावशी, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो ना? चुलत सासूबाईंनी व्हिडिओ पाठवलाय."

तो व्हिडिओ चवथीपासून आमच्याही ग्रुपवर फिरतोय. मी २७ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, आणि तरी ग्रुपवर काही न बोलता सोडून दिलं. आता बोलते.

व्हिडिओत सांगतात की 'कार्बोनिल आयर्न' म्हणजे मेटल कार्बोनिल क्लस्टर: लोखंडाचे तीन अणू आणि त्यांना चिकटलेले कार्बन मोनॉक्साइडचे बारा रेणू. पोटात हे रेणू सुटतात आणि बाळाचा श्वास कोंडतो. पुरावा काय, तर गोळी फोडून तिची करडी पूड लोहचुंबकाला चिकटवून दाखवलीय.

आधी तो चुंबकच घेऊ. पूड अशी टपकन चिकटली, कारण ते धातूरूपातलं लोखंड आहे. तीन अणू आणि बारा रेणूंचा तो क्लस्टर खराच असतो, गर्द हिरवे, जवळजवळ काळे स्फटिक. पण त्यातले इलेक्ट्रॉन सगळे जोडीने बांधलेले, त्यामुळे चुंबक त्याला ओढत नाही. म्हणजे गोळीत क्लस्टर नाही, हे व्हिडिओवाल्याने स्वतःच कॅमेऱ्यासमोर दाखवून दिलं! शिवाय हे क्लस्टर हवेत हळूहळू खराब होतात, प्रयोगशाळेत ते नायट्रोजनखाली जपावे लागतात. गोळीत भरून महिनोन्‌महिने दुकानात ठेवायची ही वस्तूच नव्हे.

मग नावात कार्बोनिल कशाला? ते पूड बनवण्याच्या पद्धतीवरून आलंय. लोखंडावर दाबाखाली कार्बन मोनॉक्साइड सोडला की आयर्न पेंटाकार्बोनिल हा पिवळसर द्रव तयार होतो. लुडविग माँड आणि क्विंके यांनी तो १८९१ मध्ये नोंदवला. १०३ अंशांना उकळतो, त्यामुळे ऊर्ध्वपातनाने शुद्ध करता येतो. पुढे त्याची वाफ २०० अंशांच्या वर तापवली की कार्बन मोनॉक्साइड वायू निघून जातो आणि लोखंडाची बारीक, गोल कणांची पूड उरते. मिठागरात पाणी उडून गेल्यावर उरतं ते मीठ. त्याला कुणी समुद्र म्हणत नाही.

माझं ऐकू नका हवं तर. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमावलीत कलम १८४.१३७५ बघा. खाद्यपदार्थांत वापरायच्या धातुरूप लोहाच्या प्रकारांत तिथे कार्बोनिल आयर्न आहे. ते पेंटाकार्बोनिलच्या विघटनातून बनतं हेही लिहिलंय, आणि तरीही ते सुरक्षित मानलंय.

पोटात काय होतं? जठरातल्या हायड्रोक्लोरिक आम्लात ही पूड सावकाश विरघळते, शरीर शोषू शकतं असं फेरस लोह तयार होतं आणि थोडासा हायड्रोजन सुटतो. कार्बन मोनॉक्साइड येणार कुठून? सावकाश विरघळते म्हणून चुकून जास्त पोटात गेली तर फेरस सल्फेट या नेहमीच्या लोहक्षारापेक्षा धोका कमी असतो. तरी मुलांच्या हाती लागेल अशी कुठलीच लोहाची गोळी ठेवू नये.

एवढं मान्य करते, की पेंटाकार्बोनिल स्वतः भयंकर विषारी आहे, आणि कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून घट्ट धरतो. व्हिडिओतली ही दोन वाक्यं खरी आहेत. त्यांचा गोळीशी संबंध नाही.

काळी शौच म्हणजे विष बाहेर पडतंय, असंही त्यात आहे. ते न शोषलेलं लोह असतं, बस्स. आणि गोळीऐवजी गूळ-बीट खा म्हणतात, ते? खा ना, तांबडी भाजी खा, नाचणी खा. पण गरोदरपणात सरकारी कार्यक्रमातच रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड देतात. एवढं लोह ताटातून येत नाही. देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना रक्तक्षय आहे, तिथे गोळ्या फेकून द्या म्हणणं मला सहन होत नाही.

भाचीने त्याच रविवारी संध्याकाळी डॉक्टरांना फोन करून गोळी पुन्हा सुरू केली. चहाने लोह कमी शोषलं जातं, म्हणून चहा आता गोळीनंतर दोन तासांनी घेते. तिच्या चुलत सासूबाईंनी काळजीपोटीच पाठवलं होतं ते. उद्या त्यांना फोन करणार आहे, आणि चुंबकाचं आधी सांगणार आहे.