'गुन्हा आणि शिक्षा'साठी गाइड हवं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

दस्तयेवस्कीची ही कादंबरी गाइड जवळ ठेवून वाचा, असं मी आधीच्या लेखात सुचवलं होतं. त्यावर 'गाइड हातात धरून दस्तयेवस्की वाचणं म्हणजे दुसऱ्याने चावलेला घास गिळणं,' असं तुम्ही लिहिलंय. बऱ्याच गाइडांना हे लागू आहे. प्रकरणांचा गोषवारा, पात्रांचे स्वभाव आणि 'प्रमुख विषय' एवढंच आत असेल तर ते विकत घेऊच नका.

तुमचा दुसरा आक्षेपही मान्य. प्रस्तावना आधी वाचा, असं मी मूळ लेखात म्हटलं होतं. तो सल्ला चुकीचा होता. अभ्यासकांच्या प्रस्तावना शेवट गृहीत धरून लिहिलेल्या असतात. त्या सगळ्यांत शेवटी वाचाव्यात.

पण १८६६ साली 'रूस्की वेस्तनिक' मासिकात ही कादंबरी क्रमशः येत होती, तेव्हाच्या वाचकाला न सांगता कळणाऱ्या गोष्टी आपल्याला कोण सांगणार? शीर्षकच घ्या. 'प्रेस्तुप्लेनिये' म्हणजे गुन्हा खरा, पण शब्दाच्या पोटात आहे पाऊल पलीकडे टाकणं, ओलांडणं. तिसऱ्या भागाच्या सहाव्या प्रकरणात नायक रस्कोल्निकव खुनानंतर स्वतःशी कबूल करतो की आपण तत्त्व मारलं, पण ओलांडून पलीकडे गेलोच नाही. तिथे शीर्षकातलाच शब्द क्रियापद होऊन येतो. 'गुन्हा' या भाषांतरात हा धागा तुटतो, आणि टीप नसेल तर कितीही मन लावून वाचलं तरी तो हाती लागत नाही. नायकाच्या नावातला 'रस्कोल' म्हणजे फूट, धर्मपंथातली दुफळी, हेही तसंच.

रस्कोल्निकवच्या बहिणीशी लग्न करू पाहणाऱ्या लूझिनचं दुसऱ्या भागातलं भाषण (आधी स्वतःचं भलं करा, त्यातच सगळ्यांचं भलं) आपल्याला नुसती स्वार्थी माणसाची बढाई वाटते. त्या काळी हा वाद मासिकांतून तापलेला होता. 'सुज्ञ स्वार्था'ची बाजू मांडणारी चेर्निशेव्स्की या लेखकाची कादंबरी १८६३ मध्येच आली होती. दारुडा कारकून मार्मेलादव गुत्त्यात ओळख करून देताना नावासोबत हुद्दा सांगतो, तो रशियन सरकारी नोकरीतल्या चौदा दर्जांपैकी नववा. लूझिन सातवा. हा फरक तेव्हाच्या वाचकाला ऐकताच कळायचा.

गाइड पारखायचं तर थेट पाचव्या भागाचं चौथं प्रकरण काढा. मार्मेलादवच्या मुलीला, सोन्याला, खुनाचं कारण सांगताना रस्कोल्निकव एकामागून एक कारणं देतो आणि स्वतःच खोडतो: आईला मदत, नेपोलियन होणं, नुसतं धाडस करून बघणं. जे गाइड यातलं एकच कारण 'उत्तर' म्हणून देतं ते खाली ठेवा. गरिबीसाठी खून म्हणावं, तर त्याने खून केलेल्या सावकारणीची थैली उघडूनही न पाहता दगडाखाली पुरली. आत ३१७ रूबल आणि थोडे कोपेक होते, हे उपसंहारात कळतं. संदर्भ भाग-प्रकरणाने दिलेत का, तेही बघा. पान क्रमांक दुसऱ्या भाषांतरात निरुपयोगी.

वाचताना सहापैकी एक भाग सलग संपवायचा, मगच त्या भागाच्या टिपा. मध्येच टीप बघितली तर खुनाच्या प्रकरणाची गती मरते. अपवाद फक्त नावांच्या यादीचा. ती पहिल्या पानापासून जवळ हवी. वडिलांचं नाव मधे लावणं आपल्याला नवं नाही, अडतं ते लाडक्या नावांशी. अव्दोत्या रोमानोव्ना, दून्या, दूनेच्का ही एकच मुलगी, रस्कोल्निकवची बहीण. आणि रस्कोल्निकवला कोण कधी 'रोद्या' म्हणतं, कोण 'रोदिओन रोमानोविच', यावर लक्ष ठेवा. खुनाचा तपास करणाऱ्या पोर्फिरीच्या तोंडी ते पूर्ण नाव किती मऊपणे येतं, ते तिसऱ्या भेटीपर्यंत तुमचं तुम्हालाच ऐकू येईल. तिथे गाइड लागत नाही.