घड्याळावरचे 50 मीटर आणि बाबांची विहीर

मागच्या आठवड्यात गावी गेले होते. सकाळी उठून पाहिलं तर बाबा घरात नाहीत. आई म्हणाली, "विहिरीवर गेलेत पोहायला." एकटेच? "हो, घड्याळ आहे ना हातात. तूच दिलंयस."

बाबा 76 वर्षांचे आहेत. चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. वाईजवळच्या आमच्या गावातल्या निम्म्या पोरांना त्यांनी पाठीला डबा बांधून पोहायला शिकवलं, मलाही त्यांनीच. त्यामुळे "पोहू नका" असं त्यांना सांगायची माझी हिंमत नाही आणि इच्छाही नाही. घड्याळ मात्र मी त्यांना विहिरीसाठी दिलं नव्हतं. गेल्या वर्षी ते न्हाणीत घसरून पडले. आई परसात होती, तिला हाक ऐकू गेली नाही. बराच वेळ ते तसेच ओल्या फरशीवर पडून होते. त्यानंतर मी पडल्याचं ओळखून आपोआप फोन लावणारं घड्याळ घेतलं आणि त्यांच्या मनगटावर बांधलं.

त्या दिवशी विहिरीवरून आले, बंबातलं पाणी काढलं, आणि आंघोळीला जाताना घड्याळ काढून कोनाड्यात ठेवलं. "गरम पाण्यानं खराब होतं म्हणतात. एवढं महागाचं घेतलंस." मी नुसती बघत राहिले. जिथं ते पुन्हा पडू शकतात, तिथं घड्याळ कोनाड्यात. आणि जिथं त्या घड्याळाला काहीच करता येणार नाही, तिथं त्याच्या भरवशावर हा माणूस एकटा खोल पाण्यात.

का, असं विचारलं तेव्हा त्यांनी घड्याळाची पाठ दाखवली. तिथं 50 मीटर असं कोरलेलं आहे. "आपली विहीर चाळीस फूट," ते म्हणाले.

त्यांचा हिशोब बरोबर होता. चूक त्या आकड्याची आहे, आणि मला खरंच राग आहे तो याचा. 50 मीटर ही खोली नाही, तो दाब आहे. पाण्यात दर 10 मीटरला साधारण एका वातावरणाएवढा दाब वाढतो, म्हणून 5 एटीएम (पाच वातावरणांएवढा दाब) म्हणजे 50 मीटर असं लिहितात. चाचणी होते ती प्रयोगशाळेत, कोऱ्या घड्याळावर, स्थिर स्वच्छ पाण्यात, काही मिनिटं. त्यात हात मारणं नाही, साबण नाही, दोन वर्षांचं वापरणं नाही. याचा व्यवहारातला अर्थ एवढाच, की टाकीत किंवा काठाजवळ पोहायला हरकत नाही. डायव्हिंगसाठीच्या घड्याळांची मानकं वेगळी असतात. ॲपल वॉच अल्ट्रावर 100 मीटर लिहिलेलं असतं, आणि कंपनी स्वतः ते 40 मीटरपर्यंतच्या डायव्हिंगसाठी चालेल असं सांगते. स्वस्तातल्या पुष्कळ घड्याळांवर तर मीटर नसतातच, आयपी 67 किंवा 68 असा धूळ-पाणी अडवण्याचा दर्जा असतो. 67 मधला 7 म्हणजे 1 मीटर पाण्यात अर्धा तास. 68 मध्ये किती खोल आणि किती वेळ ते ज्याची त्याची कंपनी ठरवते. दुकानदार मात्र सगळ्यांना एकच शब्द वापरतो, वॉटरप्रूफ. बाबांसारखा माणूस त्या शब्दावर विश्वास ठेवतो. का ठेवू नये?

मीही ठेवला होता. माझं पहिलं घड्याळ दीड वर्ष हातावरून काढलंच नाही. गीझरचं कडक पाणी, शॅम्पू, सगळं त्याच्यासकट. एक दिवस काचेच्या आत वाफेचा डाग दिसला आणि दोन दिवसांत ते बंद पडलं. सेवा केंद्रात सांगितलं की पाणी शिरलंय, वॉरंटीत बसत नाही. मी तावातावानं खोका दाखवला, त्यावर पोहणाऱ्या माणसाचं चित्र होतं. समोरच्या मुलानं शांतपणे आतली बारीक अक्षरांची पुस्तिका उघडली. साबण नको, गरम पाणी नको, वाफ नको, सगळं तिथं होतं. चित्र पानभर आणि अटी मुंगीएवढ्या. ते मला आजही पटलेलं नाही. या अटी खोक्यावर, मराठीत, त्या आकड्याच्या शेजारी छापायला काय हरकत आहे?

त्यानंतर मी यातलं कळेल तेवढं वाचून काढलं. घड्याळाला माइक आणि स्पीकरसाठी छिद्रं असतात. त्यांच्या आत एक पातळ पडदा असतो, हवा जाऊ देणारा आणि पाणी अडवणारा. पाण्याचा थेंब स्वतःला घट्ट धरून ठेवतो म्हणून तो त्या सूक्ष्म छिद्रांतून आत जात नाही. साबण नेमका हाच घट्टपणा मोडतो. कपड्यातला मळ निघतो तो ज्या गुणानं, त्याच गुणानं पाणी घड्याळात शिरतं. वाफ तर थेंब नसतेच, ती आरामात आत जाते आणि गार झाली की आतच पाणी होते. कडेची रबरी सीलं उष्णतेनं, सनस्क्रीननं, अत्तरानं आणि नुसत्या वयानंही झिजतात. एकदा फरशीवर जोरात आपटलेलं घड्याळ बाहेरून धड दिसलं तरी पाण्यात न्यायच्या लायकीचं असेलच असं नाही. ते घरी तपासायचा कुठलाही मार्ग नाही.

म्हणजे गरम पाण्याबद्दल बाबांचं म्हणणं खरंच होतं. तरीही मी त्यांना सांगितलं, न्हाणीत घड्याळ घालायचंच. पाणी कोमट ठेवा, तांब्या त्या हातावर ओतू नका, साबण लागला तर साध्या पाण्यानं धुऊन पुसा. खराब झालं तर होऊ दे, दुसरं घेऊ. वयस्कर माणसं पडतात ती ओल्या फरशीवर, आणि घड्याळ जपण्यापायी नेमकं तिथं काढून ठेवायचं असेल तर ते घेतलंच कशाला? ज्यांनी आईवडिलांना असं घड्याळ दिलंय त्यांनी आज फोन करून विचारा, आंघोळीला जाताना ते कुठं असतं. माझ्या ओळखीत चार घरी विचारलं. चारही घरी ते बेसिनवर असतं.

विहिरीचं सांगणं जास्त अवघड होतं. पडणं ओळखणारी ही सोय जोराचा आपटा आणि त्यानंतरचं निपचित पडणं, यावर चालते. बुडणारा माणूस आपटत नाही. शिवाय रेडिओलहरी पाण्यात शोषल्या जातात. हात पाण्याखाली गेला की घड्याळाचा ब्लूटूथ तुटतो, मोबाइलचं सिग्नल तुटतं, जीपीएस बंद होतं. समुद्रात किंवा नदीत पोहताना घड्याळ जीपीएसवरून अंतर मोजतं ते हात हवेत येतो तेवढ्या क्षणांवर. 112 ला फोन लावायचा तर हात वर हवा आणि शुद्ध हवी. त्यात बाबांचं घड्याळ फोनवरून चालतं, आणि फोन घरी, माजघरात. हे सांगण्याऐवजी मी करून दाखवलं. न्हाणीतून घड्याळावरून फोन लावला, लागला. विहिरीच्या काठावरून लावला, पाण्यात न उतरताच, नाही लागला. बाबा काही बोलले नाहीत.

मग मी त्यांना एक जुनी गोष्ट सांगितली, कारण गोष्टी त्यांना आवडतात. 1927 साली मर्सिडीझ ग्लिट्झ या ब्रिटिश बाईनं इंग्लिश खाडी पोहून पार केली. लोकांनी शंका घेतली म्हणून दोन आठवड्यांनी ती पुन्हा पाण्यात उतरली. या वेळी तिच्या गळ्यात रोलेक्सचं पाणी न शिरणारं घड्याळ होतं. पाणी बर्फासारखं गार. दहा तासांहून जास्त झुंजल्यावर तिला वाटेतच बाहेर काढावं लागलं. घड्याळ चालू होतं. कंपनीनं त्याची वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर जाहिरात केली. तिला वाचवलं ते सोबतच्या बोटीतल्या माणसांनी.

"म्हणजे माणूस पाहिजे काठावर," बाबा म्हणाले.

समुद्राचं थोडक्यात सांगते, कारण दिवाळीनंतर सगळे तारकर्ली-मालवणला निघतील. खाऱ्या पाण्यातून आल्यावर घड्याळ लगेच गोड्या पाण्यात हळूच धुवा. मीठ वाळलं की छिद्रांत खडे होतात. मागचे चार्जिंगचे धातूचे ठिपके कोरडे होईपर्यंत चार्जरला लावू नका, ओलाव्यात वीज गेली की ते गंजतात. चामड्याचा पट्टा घरी ठेवा. पट्ट्याखाली ओल राहिली की पुरळ येतं, तेव्हा मनगटही पुसा. पाण्याचे थेंब घड्याळाच्या स्क्रीनला बोटांसारखेच वाटतात म्हणून पोहण्याआधी पाण्याचं कुलूप, म्हणजे स्क्रीनचा स्पर्श बंद करणारी सोय, लावायचं असतं. ते उघडायचं कसं हेही घरच्यांना आधी शिकवा, नाहीतर गरजेच्या वेळी स्क्रीन बोटाला दाद देणार नाही. पावसाळ्यात धबधब्याखाली घड्याळ दाखवत उभे राहणाऱ्या मुलांचे व्हिडिओ पाहते तेव्हा मला घड्याळाची चिंता वाटत नाही, वरून येणाऱ्या लोंढ्याची वाटते.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही ट्रकची जुनी ट्यूब हवा भरून विहिरीच्या कठड्याला दोरानं बांधली. शेजारच्या घरातला अकरावीतला मुलगा सकाळी बाबांसोबत जायला तयार झाला. त्याला पोहायला बाबांनीच शिकवलंय. काल आईला फोन केला. ते दोघं विहिरीवर होते आणि घड्याळ घरी, चार्जिंगला. आल्यावर आंघोळीच्या आधी आठवणीनं हातात घालते त्यांच्या, असं ती म्हणाली.